आपले अंगण आणि हिरण्यकेशी

मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणजे आपणां सर्वांस आनंद होतो. धूळ बसते, रस्ते धुऊन निघतात. परंतु धुऊन निघालेली ती घाण जाते कोठे, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतो. ती गटारातून ओढ्यास आणि ओढ्यातून हिरण्यकेशीस मिळते. पावसाच्या त्या लोंढ्यास वाटेत बहुधा कोणी शुद्ध करीत नाही.

आंबोलीच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी आजरा, गडहिंग्लजकडून संकेश्वरास येते व पुढे घटप्रभेस मिळते. वरच्या गावांनी पाणी नासविले, अशी तक्रार आपण करतो. ती खोटी नसेलही. परंतु खालच्या गावांच्या दृष्टीने आपणही वरचेच गाव आहोत, हे कसे विसरावे?

"मोठ्या कारखान्यांपुढे आमच्या एका घराची घाण ती किती?" असे कोणी म्हणेल. कारखान्यांवर १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचा अंकुश आहे, व तो कडकपणे चालला पाहिजे. पण प्रत्येक अंगणात पहारा कोण ठेवणार? तेथे आपला विवेक हाच पहारेकरी. दूषित पाणी काय करू शकते, हे २०१२ साली इचलकरंजीने काविळीच्या साथीत पाहिले आहे.

पूर्वी मातीची अंगणे पाणी जिरवीत. आज आपण फरशी व सिमेंट घातले. साहजिकच सारे पाणी घाण घेऊन रस्त्यावर धावते. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला, तर सुमारे २,३०० लिटर पाणी जमते. ते शोषखड्ड्यात सोडावे, अंगणाचा एक कोपरा तरी मातीचा राखावा. पावसापूर्वी दारापुढील गटार उपसावे, पण काढलेला गाळ काठावरच ठेवू नये. पहिलीच सर तो परत आत लोटते. गाड्यांचे जळके तेल डब्यात साठवावे. शेण उकिरड्यात टाकावे. प्लॅस्टिकच्या पिशव्या गटारात जाऊ देऊ नयेत.

गाडगेबाबा गावात शिरले की प्रथम झाडू हाती घेत, उपदेश मागाहून. आम्हां विद्यार्थ्यांनीही तोच क्रम धरावा. यंदाच्या मृगापूर्वी प्रत्येकाने आपल्या दारापुढचे गटार स्वच्छ केले, तर वरच्या गावांस दोन शब्द सांगण्याचा अधिकार आपणांस खचित प्राप्त होईल.