विश्लेषण : सिरॅमिक कोटिंगचे चट्टे ‘आपोआप’ जातात का?

नवी काळी गाडी, त्यावर हजारो रुपये मोजून करून घेतलेले सिरॅमिक कोटिंग, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात बॉनेटवर दिसणारा तळहाताएवढा तेलकट चट्टा. कोरड्या कापडाने पुसला तरी जात नाही, धुतला तरी जात नाही. कोटिंग करणाऱ्याला फोन केल्यावर मिळणारे उत्तर बहुतेक गाडीमालकांना पाठ झाले असेल : ‘कोटिंग सेट होतंय साहेब, आठ-पंधरा दिवसांत आपोआप जाईल.’ तो चट्टा आपोआप जात नाही. उलट त्या पंधरा दिवसांत तो पक्का होतो आणि जे काम सुरुवातीला कापडाने झाले असते, त्यासाठी मशीन लागते. ‘थांबा आणि बघा’ हा सल्ला म्हणूनच निरुपद्रवी नाही.

चट्टे पडतात कशामुळे?

सिरॅमिक कोटिंग म्हणजे चिनीमातीचा मुलामा नव्हे. सिलिकाचा कडक पापुद्रा तयार करणारी रसायने द्रावकात मिसळलेली असतात. ते द्रव मऊ कापड गुंडाळलेल्या छोट्या ठोकळ्याने पत्र्यावर लावतात. द्रावक उडू लागला की पृष्ठभागावर इंद्रधनुषी झाक येते. हीच पुसण्याची वेळ. जास्तीचे द्रव तेव्हाच मायक्रोफायबर कापडाने काढून थर सारखा करायचा असतो. घाई केली तर द्रव नुसते पसरते. उशीर झाला तर जास्तीचा थर जागेवरच घट्ट होतो. यालाच डिटेलिंगच्या धंद्यात ‘हाय स्पॉट’ म्हणतात. आजूबाजूच्या भागापेक्षा तिथे थर जाड असतो, म्हणून प्रकाश वेगळा परततो आणि डाग दिसतो.

ही वेळ काही सेकंदांची असू शकते किंवा काही मिनिटांची. ते उत्पादनावर, तापमानावर आणि हवेतील दमटपणावर ठरते. यातील बरीच रसायने हवेतील बाष्प शोषूनच कडक होतात. त्यामुळे जानेवारीत पुण्यात नीट बसलेली बाटली जूनमध्ये मुंबईत त्याच कारागिराला दगा देऊ शकते. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलच्या दुपारी तापलेल्या बॉनेटवर काम केले तर द्रावक कधी उडाला हे कळायलाही वेळ मिळत नाही. त्यात एका वेळी हात पुरेल तेवढाच, साधारण दीड-दोन फुटांचा चौकोन घेण्याऐवजी अर्धे बॉनेट एकदम ओले केले, की सुरुवातीचा कोपरा पुसायचा राहतोच. आरशाची खालची बाजू, दाराच्या हँडलमागची खोबण, नावाच्या अक्षरांच्या फटी या द्रव साचण्याच्या ठरलेल्या जागा.

प्रत्येक डाग ‘हाय स्पॉट’च असतो का?

नाही, आणि इथे चूक झाली तर उपायही चुकतो. गाडी सावलीत घेऊन मोबाइलचा टॉर्च तिरका धरावा. कडा दिसणारा, तेलकट किंवा गडद पट्टा असेल तर तो जास्तीचा थर. पांढरी गोल वर्तुळे असतील तर ते पाण्याचे डाग. बोअरवेल किंवा टँकरच्या जड पाण्यातील क्षार ते उडाल्यावर मागे राहतात. ताजे असतील तर पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरने हलके पुसून ते निघतात, पण हाय स्पॉटवर व्हिनेगरचा काही परिणाम होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसत असतील तर दोष कोटिंगचा नसून त्याआधी न केलेल्या पॉलिशचा आहे. ते ओरखडे आता कोटिंगखाली बंद झाले आहेत. आणि पाणी मारल्यावर एका भागात थेंब न बनता पाणी पसरून बसत असेल, तर तिथे कोटिंग लागलेलेच नाही, किंवा मळाने झाकले गेले आहे. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवर हे सगळे झाकून जाते. काळा आणि गडद निळा रंग काहीच लपवत नाही.

किती वेळात काय करता येते?

पहिल्या काही मिनिटांत उपाय सोपा आहे, जरा उलटा वाटला तरी. त्या चट्ट्यावर तेच द्रव पुन्हा थोडे लावायचे. ताज्या द्रावकाने खालचा अर्धवट सुकलेला थर मऊ होतो आणि लगेच स्वच्छ कापडाने दोन्ही एकदम पुसून घेता येतात. चांगला कारागीर प्रत्येक भाग झाल्यावर दिवा फिरवून बघतो तो याच साठी.

काही तास उलटले की ही सवलत बहुधा संपते. मग बारीक फिनिशिंग पॉलिश फोमच्या तुकड्यावर घेऊन हाताने, हलक्या दाबाने घासावे लागते. एक-दोन दिवसांनंतर मऊ पॅड लावलेले मशीन हवे. आठवडे गेले असतील तर कंपाउंड, आणि फारच जाड थर असेल तर ३००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासोबत वापरण्याची वेळ येते. ते काम घरी करण्याचे नाही.

मशीन फिरले की तेवढ्या जागेचे कोटिंगही निघते, हे ग्राहकाला सहसा सांगितले जात नाही. म्हणून डाग गेला म्हणजे काम झाले असे नाही. पॉलिशचे तेल पुसून तो भाग नव्याने कोट करावा लागतो. याउलट ‘वरून आणखी एक थर मारून देतो’ असे कोणी सुचवले तर स्पष्ट नकार द्यावा. कडक झालेला चट्टा नव्या थराने विरघळत नाही, तो त्याखाली कोंडला जातो. थिनर, टूथपेस्ट, भांड्यांची घासणी हे घरगुती प्रयोग तर चट्ट्याला हात न लावता रंगाचे नुकसान करून जातात.

प्रत्येक चट्टा काढलाच पाहिजे का?

कंपन्यांच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातील सर्वांत वरचा पारदर्शक क्लिअर कोट अंदाजे ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. कोटिंग तर एक-दोन मायक्रॉनच्या घरात. जोरकस कंपाउंडिंगच्या एका फेरीत क्लिअर कोटचे काही मायक्रॉन कायमचे जातात. खालच्या रंगाला उन्हापासून वाचवणारा हाच थर आहे आणि तो परत येत नाही. पत्र्याच्या कडांवर तो आणखी पातळ असतो. तेव्हा काम सुरू करण्याआधी जाडी मोजणारे गेज लावून आकडा दाखवा, असे म्हणण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. (प्लास्टिकच्या बंपरवर मात्र नेहमीचे गेज चालत नाही.) आरशाखाली नाण्याएवढा डाग असेल आणि तो वाकून बघितल्याशिवाय दिसत नसेल, तर तो तसाच सोडणे शहाणपणाचे. बॉनेटच्या मधोमध असलेला चट्टा ही वेगळी गोष्ट आहे. तो काढून घ्यावा, आणि लवकर.

खर्च कोणाचा?

ज्याने लावले त्याचा. यात फार वाद असण्याचे कारण नाही, कारण जास्तीचा थर पुसणे आणि गाडी देण्यापूर्वी उजेडात तपासणे हा त्या सेवेचाच भाग आहे. तरी ‘९एच’ छापलेले वॉरंटी कार्ड पुढे केले जाते. ९एच हा पेन्सिलने ओरखडा काढून पाहण्याच्या चाचणीतला दर्जा आहे. दगडखड्यांपासून संरक्षणाची ती हमी नव्हे, आणि लावण्यातील चुकीशी तर तिचा संबंधच नाही. वॉरंटी उत्पादनाची असते. हाताची चूक ही सेवेतील त्रुटी आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार त्याविरुद्ध तक्रार करता येते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यासाठी कोटिंगचे नाव लिहिलेले पक्के बिल, चट्ट्याचे तारखेसह फोटो आणि लेखी तक्रार (व्हॉट्सअ‍ॅपवरची चालेल) हाताशी हवी. मधल्या काळात सोसायटीत गाड्या धुणाऱ्याकडून किंवा दुसऱ्या दुकानातून घासून घेऊ नये. मग पहिला कारागीर ‘तुम्ही हात लावलात’ म्हणायला मोकळा होतो.

मुहूर्ताचे काय?

दोष सगळा दुकानदारांचा नाही. दसरा आणि पाडव्याला गाड्या एकदम सुटतात आणि प्रत्येकाला पूजेच्या वेळेपूर्वी चकाकणारी गाडी हवी असते. पॉलिश, सफाई आणि कोटिंग यांना मिळून निदान एक पूर्ण दिवस हवा, त्यानंतर बहुतेक कोटिंगना सुमारे २४ तास पाणी लागता कामा नये आणि आठवडाभर शाम्पू. आदल्या रात्री ट्यूबलाइटखाली उरकलेल्या गाडीवर सकाळी ओले कुंकू, हळद आणि नारळाचे पाणी पडते तेव्हा थर अजून कच्चाच असतो. त्यापेक्षा गाडी मुहूर्तावर घरी आणावी आणि कोटिंग पुढच्या आठवड्यात करावे. ताब्यात घेताना ती उन्हात उभी करून अर्धा तास चहूबाजूंनी बघावी, दुसऱ्या दिवशीच्या फेरतपासणीची वेळ तिथेच लिहून घ्यावी. कोटिंग आधीच झाले असेल, तर स्वस्तिक बॉनेटऐवजी काचेवर काढता येते.