व्हॉल्व्ह बदला, पण डोळे मिटून

आमच्या सोनपेठात आज व्हॉल्व्ह म्हटलं की लोकांना पाइपलाइनचा व्हॉल्व्ह आठवतो. नळाला पाणी आलं नाही की कुणीतरी जाऊन तो फिरवायचा असतो. साठी ओलांडलेल्या माणसाला मात्र याच शब्दानं दुसरंच काही दिसतं. काचेची बोटभर, नाहीतर थोडी मोठी नळी, आत तांबूस उजेड, आणि सप्ताहाच्या मंडपातलं कीर्तन शिवारापर्यंत पोचवणारा लोखंडी पेटीचा ॲम्प्लिफायर. तो चालू केला की लगेच बोलत नसे. आधी तापायचा. माइकवाला तोवर तंबाखू मळून घ्यायचा.

हे व्हॉल्व्ह आता परत आले आहेत, पण मंडपात नव्हे, शहरातल्या दिवाणखान्यात. पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा असा ॲम्प्लिफायर घेऊन बसला आहे आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्यातले पॉवर व्हॉल्व्ह बदलतो. ‘मामा, ही जोडी ऐका, आवाज कसा मोकळा झाला!’ असा त्याचा फोन येतो. हौसेला मोल नसतं, हे खरं. पण या हौसेपायी आमच्या भागातल्या एका मंडपवाल्याचा चांगला चालू ॲम्प्लिफायर केवळ चार व्हॉल्व्हसाठी मोडला गेला. नळ्या कुणा शौकिनाकडे गेल्या, ट्रान्सफॉर्मरचं तांबं भंगारात. तेव्हापासून हा ‘मोकळा आवाज’ खरोखर असतो का, हे एकदा तपासलं पाहिजे असं मला वाटू लागलं.

व्हॉल्व्हचं काम पाटाच्या दारासारखं आहे. फिलामेंट तापतं, कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लेटकडे धावतात. मध्ये जाळी असते. माइकमधून आलेला बारीकसा विद्युतदाब त्या जाळीवर पडला की मोठा प्रवाह कमीजास्त होतो. झाला आवाज मोठा. पण फिलामेंटला ६.३ व्होल्ट लागतात आणि त्यात दहा टक्क्यांच्या आसपास घटबढ चालते. संध्याकाळी घरात २३० ऐवजी १८० व्होल्ट उरले की फिलामेंटला पाचसुद्धा मिळत नाहीत. दुपारी जुनी जोडी ऐकायची आणि दिवेलागणीला नवी, म्हणजे तुलना व्हॉल्व्हची होत नाही, विजेची होते. सोनपेठात हे ध्यानात येतं. पुण्यात येत नाही, कारण तिथं दिवा मंदावत नाही.

दुसरी फसवणूक कानाची. एखादी जोडी किंचित मोठ्यानं वाजली, तर आपण ‘मोठ्यानं’ म्हणत नाही, ‘छान’ म्हणतो. शिवाय व्हॉल्व्ह काढायचा, निवू द्यायचा, दुसरा बसवायचा, बायस जुळवायचा आणि तापू द्यायचा, यात दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. आवाजाच्या बारीक छटा इतका वेळ कुणाच्या ध्यानात राहतात? ध्यानात राहते ती किंमत.

म्हणून गेल्या दिवाळीत भाचा आला तेव्हा आम्ही वेगळी रीत केली. ॲम्प्लिफायर दोन बाजूंचा होता. डावीकडे त्याची महागडी जुनी ईएल ३४ची जोडी, उजवीकडे आज स्लोव्हाकियात बनते ती. दोन्हींना एकच ध्वनिमुद्रण दिलं, आवाज मीटर लावून सारखा केला आणि स्पीकर एकच, बटणानं इकडून तिकडे जाणारा. ज्या बाजूला स्पीकर नाही तिथं ८ ओहमचा जाड रेझिस्टर, कारण भाराविना व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. बटण वहिनीच्या हाती, आणि तिनं दर वेळी नाणं उडवून बाजू ठरवायची. पुढे डावी-उजवी जोडी अदलाबदल करून पुन्हा तेच. कुणालाच खात्रीनं सांगता येईना. भाचा दोनदा चिडला, वहिनी हसत राहिली. मग मी एका बाजूला बरीच वर्षं झिजलेली जोडी बसवली, तर वहिनीनं स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, ‘हा आवाज बसलाय.’

एवढ्या घरगुती खेळावरून सिद्धांत मांडायचा नसतो. पण १९७८ साली इंग्लंडच्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात जेम्स मॉयर यांनी अशीच चाचणी छापली होती. क्वाड कंपनीचा केटी ६६ व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि तिचेच दोन ट्रान्झिस्टरचे, कुठला वाजतो आहे हे न सांगता जाणकारांना ऐकवले. त्यांनाही फरक ओळखता आला नाही. तिथं तर व्हॉल्व्ह विरुद्ध ट्रान्झिस्टर असा सामना होता. आपण एका व्हॉल्व्हचा दुसऱ्या व्हॉल्व्हशी लावतो आहोत.

मग जुनी माणसं गोडवा म्हणतात तो काय निव्वळ भ्रम? मला तसं वाटत नाही. एकाच पॉवर व्हॉल्व्हवर चालणारा साधा ॲम्प्लिफायर मूळ स्वरात त्याच्या दुपटीचा स्वर थोडा मिसळतो, म्हणजे षड्जात तार षड्ज. तंबोऱ्यातून स्वयंभू गंधार ऐकणाऱ्या कानाला ही भेसळ खुपत नाही, उलट आवाज भरलेला वाटतो. जोडीनं काम करणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये हा दुपटीचा स्वर बराचसा एकमेकांत कटतो. थोडक्यात, गोडवा असलाच तर तो जोडणीचा, ट्रान्सफॉर्मरचा. काचेवरच्या छापाचा नव्हे.

आणि छापाचं तरी काय? मुलार्ड हे मूळ इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्याचं नाव. आज त्या नावाच्या नळ्या रशियातल्या साराटोवला बनतात. २०२२ साली युद्धामुळे तिथली निर्यात अडली तेव्हा जगभरचे गिटारवाले आणि शौकीन हवालदिल झाले होते. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६१पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. त्या नळ्यांवर कितीएक घरांतले रेडिओ वर्षानुवर्षं चालले, पण त्यांचं नाव घेऊन कुणी डोळे मिटत नाही.

अदलाबदल करायचीच असेल तर दोन गोष्टी सांभाळा. ६एल६च्या जागी ईएल ३४ बसतो, पण फिलामेंटला ०.९ ऐवजी १.५ ॲम्पियर ओढतो. ट्रान्सफॉर्मरला तो भार झेपला पाहिजे, पहिल्या पिनची जोडणी पाहिली पाहिजे आणि बायस नव्यानं लावला पाहिजे. प्लेट लाल होऊ लागली तर तत्क्षणी बंद करा. पेटी उघडून हात घालणं मात्र जाणत्याचंच काम. आत चारशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ते दबा धरून राहतात.

जुन्या मंडपवाल्याकडे किंवा घराच्या माळ्यावर चालू ॲम्प्लिफायर असेल तर तो नळ्यांसाठी मोडू देऊ नका. अख्खा विका, नाहीतर वाजवा. सुट्या नळ्या घेणाऱ्यानं छाप वाचण्याआधी काचेच्या आतला चंदेरी डाग पाहावा. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, आणि मग ती नळी ब्लॅकबर्नची असो की बंगळुरूची, वाजायची नाही.