घरी झालेल्या मृत्यूंचा हिशेब

२०२० साली एक कोडं जगभर चघळलं जात होतं. युरोप-अमेरिकेत कोविडने हाहाकार माजवला असताना आफ्रिकेत मृत्यूंचे आकडे इतके कमी कसे? कुणी तिथल्या तरुण लोकसंख्येकडे बोट दाखवलं, कुणी उन्हाकडे. झांबियाच्या राजधानीत, लुसाकात, एक पथक मात्र शवागारात गेलं.

युनिव्हर्सिटी टीचिंग हॉस्पिटलच्या या शवागारात शहरातल्या बहुतेक मृत्यूंची नोंद होते, माणूस रुग्णालयात गेलेला असो वा घरी. बॉस्टन विद्यापीठाचे ख्रिस्तोफर गिल आणि त्यांचे झांबियातले सहकारी २०१७ पासून तिथे दगावलेल्या तान्ह्या बाळांच्या नाकातून नमुने घेत होते. आरएसव्ही या विषाणूने किती बाळं जातात, हे त्यांना शोधायचं होतं. घडी बसलेलीच होती. म्हणून जून ते सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी सगळ्या वयाच्या मृतांचे नमुने घेतले. तपासलेल्या ३६४ जणांपैकी ५८ जणांमध्ये, म्हणजे जवळपास १६ टक्क्यांत, कोविडचा विषाणू निघाला. त्यातले बहुतेक घरीच वारले होते, आणि घरी वारलेल्यांपैकी एकाचीही जिवंतपणी चाचणी झालेली नव्हती. नातेवाइकांनी सांगितलेली लक्षणं ओळखीचीच होती: खोकला, ताप, धाप.

नाकात विषाणू सापडला म्हणजे त्यानेच जीव घेतला, असं प्रत्येक वेळी म्हणता येत नाही. तो आक्षेप रास्त आहे. तरीही या माणसांपैकी बहुतेकांचा कोविडच्या सरकारी आकड्यात पत्ताच नव्हता. रोग सौम्य असल्याचा निष्कर्ष काढणाऱ्यांनी आधी मोजणी झाली आहे का, हे विचारायला हवं होतं.

गरीब मुलखात श्वसनाच्या आजाराने येणारं मरण असंच निसटतं. न्यूमोनिया झालेलं मूल दोन-तीन दिवसांत हातचं जातं. तेवढ्यात एक्स-रे होत नाही, अनेकदा डॉक्टरही भेटत नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८० च्या दशकाअखेर हे मरण गावात जाऊन मोजलं. मूल गेलं की कार्यकर्ते घरी जाऊन आईला विचारत: श्वास किती जलद होता, पोट उडत होतं का, बरगड्यांखाली खळगा पडत होता का, दुखणं किती दिवस चाललं? उत्तरांवरून मृत्यूचं कारण ठरे. अक्षरओळख नसलेल्या दायांसाठी त्यांनी श्वास मोजण्याचं साधं यंत्र बनवलं: एक मिनिटाची वाळूची घटिका आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. ठरलेल्या मण्यापलीकडे गेलं की उपचार सुरू. ज्या गावांत उपचार गावातच मिळाले, तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी राहिले. ‘लॅन्सेट’मध्ये १९९० साली हे छापून आलं. मृत्यूंची मोजणीच झाली नसती, तर उपचारांनी किती मुलं वाचली हेही कळलं नसतं.

आज देशात मृत्यूची नोंद पूर्वीपेक्षा पुष्कळ होते. दुखणं आहे ते कारणाचं. २०२० मध्ये नोंदलेल्या सुमारे ८१ लाख मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं होतं. गोव्यात हे प्रमाण १०० टक्के होतं, म्हणजे आपल्या देशात हे जमतच नाही असं नाही. प्रमाणपत्र मिळालं तरी अनेकदा त्यावर ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडून मृत्यू’ एवढंच असतं. मरणाऱ्या प्रत्येकाचं हृदय बंद पडतंच. क्षय होता, दमा होता, की चुलीच्या धुराने फुप्फुसं निकामी झाली होती, हे त्यातून कसं कळणार?

घरी झालेल्या मृत्यूसाठी ‘४ अ’ हा नमुना आहे, पण शेवटच्या आजारात डॉक्टर पोहोचलाच नसेल तर तो भरणार कोण? बालमृत्यूनंतर आरोग्य कर्मचारी घरी जाऊन चौकशी करतात, ही पद्धत आपल्याकडे आहे. तीच चौकशी प्रौढांच्या मृत्यूनंतरही व्हायला हवी, निदान दर तालुक्यातल्या काही गावांत तरी. मात्र हे काम आधीच पिचलेल्या आशाताईंच्या माथी फुकटात मारू नये. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण आणि वेगळा मोबदला हवा, आणि निघालेली कारणं वर्षाच्या आत त्या-त्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत परत पोहोचायला हवीत.