एकगठ्ठा पाठवणाऱ्यांस

आमच्या शाखेत महिन्याच्या एक तारखेला दोन गोष्टी हटकून येतात. पेन्शनर मंडळी आणि वरच्या ऑफिसची मेल. पेन्शनर मंडळी शिस्तीची. साडेनवालाच पायरीवर येऊन बसतात, एकेक करून आत येतात, पासबुक पुढे सरकवतात आणि गुडघ्याची चौकशी केली तर सांगतात, नाही केली तरी सांगतात. मेलचं तसं नाही. ती एकदम घुसते. मागं एका एक तारखेला तिच्या पोटात वृक्षारोपणाचे फोटो होते. साहेब खड्ड्यापाशी, साहेब झारीसकट, साहेब रोपासकट, आणि शेवटी नुसतंच रोप. एकूण वजन १९ एमबी, आणि ते प्रत्येक टेबलावर वेगवेगळं. शाखेची लाइन गुदमरली. पडद्यावर गोल गोल चाक फिरायला लागलं. काउंटरपुढचे एक आजोबा दहा मिनिटं त्या चाकाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "काय हो, पैसे संपले का?"

मी म्हणालो, "नाही आजोबा, झाड आडवं आलंय."

तेव्हापासून माझा एकगठ्ठा पाठवणाऱ्या समस्त जमातीवर जाहीर आरोप आहे. ही माणसं स्वतःला दिलदार समजतात. 'घ्या, सगळंच पाठवलं!' असं म्हणतात. पण पलीकडच्याचं भांडं केवढं, त्याची लाइन किती रुंद, त्याच्या मागं रांगेत कोण उभं, याचा त्यांनी कधी विचार केलेला नसतो. याला दिलदारी म्हणत नाहीत. रस्त्यात उसाची गाडी सोडून चहाला जाणं म्हणतात.

आता मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. हप्ता या गोष्टीवर माझी श्रद्धा आहे. आणि आमच्या जिल्ह्याला (२०२४ पासून त्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे, तोंडात अजून नगरच येतं) तुकड्यातुकड्यानं देण्याघेण्याचं वावडं कधीच नव्हतं. ऊस कारखान्यात गेला की आधी पहिली उचल, मग जमेल तसा पुढचा हप्ता, दिवाळीच्या तोंडावर उरलंसुरलं. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, त्याचं भांडवलसुद्धा शेतकऱ्यांनी एकेक शेअर घेऊन उभं केलं.

आमच्या धंद्याच्या पूर्वजांनी तर कमाल केली होती. इंग्रजांच्या काळी मोठ्या रकमेची नोट टपालानं पाठवायची तर मधोमध कापत. अर्धी आधी पाठवायची. ती पोचल्याचं पत्र आलं की उरलेली अर्धी. वाटेत कुणी लांबवली तरी त्याच्या हाती अर्धी नोट, म्हणजे चणे बांधायला कागद! एकाच वेळी तुकडा, पोच आणि सुरक्षितता. आज मी काउंटरवर कापलेली नोट बघितली की कपाळाला आठ्या घालतो, पण मनातून तिला नमस्कार करतो.

एवढी प्रस्तावना अशासाठी, की गेल्या वर्षी मला स्वतःलाच एक मोठी वस्तू पाठवायची पाळी आली.

आमचे अण्णा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. त्याचं पाणी प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून डावा न् उजवा असे दोन कालवे फुटतात. त्यातल्या एका कालव्याच्या चाऱ्यांची दारं उघडण्यात आणि लावण्यात अण्णांचा जन्म गेला. त्यांना गप्पांची हौस भारी. एका दुपारी मी मोबाइल समोर ठेवून त्यांना ४२ मिनिटं बोलू दिलं. वर्षभरानं अण्णा गेले. धाकटा भाऊ तेव्हा मालवाहू जहाजावर होता, कुठल्याशा समुद्राच्या मधोमध. त्याला येता आलं नाही. महिन्याभरानं त्याची मेल आली: "दादा, अण्णांचा आवाज आहे ना तुझ्याकडे? पाठव."

फाइल वीस एमबीची. आणि त्याच्या जहाजावरचा कायदा असा, की मेल उपग्रहावरून येणार, एका मेलबरोबर एक एमबीच्या वर काही चालणार नाही आणि पेटीत सगळं मिळून दहा एमबी मावणार.

इथं आमच्या भाच्याचा प्रवेश होतो. भाचा पुण्याला हिंजवडीत असतो आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर एकच मात्रा देतो. "मामा, क्लाउडवर टाक आणि लिंक पाठव ना! दोन मिनिटांचं काम." मी म्हणालो, "अरे, तो बोटीवर आहे." तर म्हणे, "मग उतरल्यावर बघेल."

उतरल्यावर! चार महिन्यांनी!

आणि मला आधी हे सांगा, लिंक पाठवणं याला पाठवणं म्हणायचं तरी का? हल्ली २५ एमबीच्या वर काही जोडायला गेलं की जीमेल आपणहोऊन त्याची ड्राइव्हची लिंक करून टाकतं, आणि पाठवणारा हात झटकून मोकळा. वस्तू तिसऱ्याच्याच गोदामात. आपण धाडला तो नुसता पत्ता. घेणारा तिथवर गेला की दारावरचा रखवालदार विचारणार, 'तुम्हाला परवानगी आहे का?' हे म्हणजे चारीच्या टोकाच्या शेतकऱ्याला पोस्टकार्ड टाकण्यासारखं झालं: 'भंडारदऱ्यात अकरा टीएमसी पाणी आहे, सवडीनं येऊन घेऊन जावे.' अण्णा म्हणायचे, धरणातलं पाणी पेपरातल्या बातमीसाठी असतं. टेलच्या वाफ्यात गेलं तेच सोडलेलं पाणी. (भाच्याच्या स्वतःच्या लग्नाचा व्हिडिओ साडेचार तासांचा आहे. तो मात्र लिंकनंच यावा असं माझंही मत आहे. आणि ती लिंक लवकर बंद पडावी.)

तर मी ठरवलं, तुकडे करायचे. बी.कॉम. झाल्यावर नोकरी लागेपर्यंत रिकामा दिसू नये म्हणून मी सहा महिन्यांचा युनिक्सचा कोर्स केला होता. पंचवीस वर्षांत त्याचा उपयोग भिंतीवरच्या सर्टिफिकेटमागची ओल झाकण्यापलीकडे झाला नव्हता. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतंच. मी स्क्रिप्ट लिहायला बसलो. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरच्या हाती द्यायची कामाची यादी. सौ. मला बाजारात जाताना देते तसलीच, फक्त कॉम्प्युटर कोथिंबीर विसरत नाही.

यादी अशी. 'स्प्लिट' नावाचा हुकूम आहे, त्याला सांगायचं, या फाइलचे ७०० केबीचे तुकडे कर. भाचा लगेच म्हणाला, "सातशेच का? एक एमबीची परवानगी आहे ना?" हिंजवडीत हे शिकवत नसावेत. मेल ही मुळात अक्षरांसाठी जन्मलेली. आवाज, चित्र काहीही तिच्यातून न्यायचं तर आधी त्याची अक्षरं करावी लागतात आणि तीन बाइटांची चार अक्षरं होतात. म्हणजे तिसऱ्या हिश्शानं वजन वाढलं. सातशेचा तुकडा टपालात पडेपर्यंत साडेनऊशेच्या घरात जातो. पोत्यासकट वजन धरावं लागतं, हे मार्केट यार्डातला हमालसुद्धा सांगेल.

स्प्लिटनं २९ तुकडे केले. त्यांना नावंही तोच देतो: एए, एबी, एसी असं एझेडपर्यंत सव्वीस, मग बीए, बीबी, बीसी. पुढचं काम एका फेऱ्याचं. एक तुकडा घे, मेलला जोड, विषयात '२९ पैकी अमुक' असं लिही, पाठव, पुढचा घे. सगळ्यात आधी एक कोरी मेल, तिच्यात मूळ फाइलचा ६४ अक्षरी ठसा. पलीकडे सगळे तुकडे 'कॅट'नं एकापुढे एक जोडायचे आणि त्या जोडाचा ठसा काढायचा. दोन्ही ठसे जुळले की टॅली झाली. एक बाइट इकडचा तिकडे झाला तरी ठसा पार बदलतो. आमच्या कॅशमध्ये दहा पैशांचा फरक आला तर रात्री आठपर्यंत बसावं लागायचं, त्यापेक्षा हे बरं.

पहिल्या रात्री मी बटण दाबलं आणि जन्माची फजिती करून घेतली. फेरा दिला, पण थांब म्हणायचं राहिलं. मिनिटाभरात एकोणतीसच्या एकोणतीस सुटले! दहा मेल पोचल्या, पेटी काठोकाठ भरली आणि उरलेले १९ तुकडे 'घेत नाही जा' अशा इंग्रजी चिठ्ठ्या घेऊन परत आले. त्या दिवशी भावाला वरिष्ठांनी बोलावून विचारलं, हे काय आहे? एकगठ्ठा पाठवणाऱ्यांना शिव्या घालणारा मी, मीच चारीचा बांध फोडला होता. सौ.ला हे सांगायला नको होतं.

मग 'स्लीप' हा हुकूम घातला. स्लीप ८६४००, म्हणजे तेवढे सेकंद झोप, बरोबर एक दिवस. तिसऱ्या रात्री वीज गेली आणि ते झोपलं ते झोपलंच. शेवटी 'क्रॉन' नावाचा कॉम्प्युटरातला रात्रपाळीचा माणूस कामाला लावला. रोज दहाला तो उठतो, किती तुकडे गेले ते वहीत बघतो, पुढचा एक पाठवतो, वहीत नोंद करतो. ही वही माझी. बँकेतला माणूस नोंदीशिवाय जांभईसुद्धा देत नाही.

भाच्याला हा सगळा जुनाट खटाटोप वाटतो. त्याला सांगितलं पाहिजे, की १९९२ साली मेलला जोडण्या लावायचे नियम पहिल्यांदा लिहिले गेले, त्यातच मोठा निरोप तुकडे करून पाठवायची तरतूद होती: ओळखीचा एक नंबर, तुकडा कितवा आणि एकूण किती. शहाण्या माणसांनी लिहून ठेवलं होतं. आज ते फारसं कुणी वापरत नाही, कारण लाइन रुंद झाल्या. म्हणजे ज्यांच्या झाल्या त्यांच्या. बोटीवरच्याची नाही, आमच्या शाखेची नाही.

पण खरी मजा मला ठाऊकच नव्हती. माझी कल्पना अशी, की एकोणतीस रात्री तुकडे साठवायचे आणि मग जोडून ऐकायचं. पण एमपीथ्री फाइल कुठंही तोडली तरी तुटलेला कण गाळून पुढचं वाजतं. ७०० केबी म्हणजे दीड मिनिट अण्णा. धाकटा रोज पाळी संपवून केबिनमध्ये यायचा, दीड मिनिट ऐकायचा आणि दोन ओळी लिहायचा. "आज ओझरच्या पुरापर्यंत आलो." "आज अण्णांना खोकला लागला, अर्धं त्यातच गेलं, बरं वाटलं."

मग एक दिवस आली: "दादा, १७ आलाच नाही. १६ मध्ये अण्णा चारीचं दार लावायला निघालेत आणि १८ मध्ये गळ्याइतक्या पाण्यात उभे आहेत. मधे काय झालं?"

सतरावा म्हणजे एक्यू. वाटेत कुठंतरी बुडाला. अख्खी फाइल एकगठ्ठा गेली असती तर अख्खी पुन्हा धाडावी लागली असती; इथं नुसता एक्यू परत पाठवला. पाठवण्याआधी ऐकून बघितला. मधे धाकटाच पाण्यात पडला होता, वय वर्षं पाच.

दुसऱ्या दिवशी त्याची दोन ओळींची मेल आली नाही. तिसऱ्या दिवशी आली. "१७ पोचला" एवढंच होतं.

बीसी, एकोणतिसावा, सगळ्यात लहान. ८८ केबी, अकरा सेकंद. त्यात अण्णा म्हणतात, "झालं का रे? बंद कर आता ते, बॅटरी जाईल." तो गेला त्या रात्री धाकट्यानं सगळं जोडलं, ठसा काढला, चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं जुळली. मला हुश्श झालं. क्रॉनला रजा द्यावी म्हणून मी बसलो, तोच मेल आली.

"दादा, टॅली झाली. बेचाळीस मिनिटं एकसंध वाजतंय. आता उद्यापासून पुन्हा एएपासून पाठवशील का? रोज एक."

मी वही कोरी केली.