पुढच्या निर्बंधांआधी पक्षीगणनेचे नियम ठरवा

मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव),
महाराष्ट्र राज्य, नागपूर यांस,



दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. आपल्या देशात ती १९८७ पासून सुरू आहे आणि मुख्यतः पदरमोड करणाऱ्या माणसांच्या जिवावर चालते. कुणी शिक्षक असतो, कुणी बँकेत असतो, कुणी शेतकरी. उजाडायच्या आत ही मंडळी दुर्बीण आणि वही घेऊन धरणाच्या काठावर पोचतात. नांदूर मध्यमेश्वरचे नाव राज्यातले पहिले रामसर स्थळ म्हणून जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले. पाणथळीची अशी थोरवी सिद्ध करायला पक्ष्यांचे वर्षानुवर्षांचे आकडे लागतात. ते स्वयंसेवकांनी काठावर उभे राहून जमवलेले असतात.

पुढे दोनच महिन्यांत करोनाची टाळेबंदी आली. वणवा विझवणे, गस्त, वन्यजीवांची देखभाल यांसाठी वन कर्मचाऱ्यांना सूट मिळाली. स्वयंसेवकाचा उल्लेख कुठेच नव्हता. त्या पहिल्या आठवड्यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. आजार नवा होता, घरात बसणे हेच कर्तव्य होते.

तक्रार आहे ती नंतरच्या गोंधळाची. १० जानेवारी २०२२ पासून राज्यात दिवसा जमावबंदी आणि रात्री ११ ते पहाटे ५ संचारबंदी होती. तोच पाणपक्षी गणनेचा काळ. उघड्या माळावर, तळ्याकाठी एक-दोन माणसांनी उभे राहण्यात कुणाला धोका नव्हता. तरी एका नाक्यावर सोडले जाई, दुसऱ्यावर पत्र मागितले जाई, आणि असे पत्र कोणी द्यायचे हे कुणालाच ठाऊक नसे. जानेवारीत राहिलेली मोजणी मार्चमध्ये उरकता येत नाही. चक्रवाक आणि पट्टकादंब या तळ्यावरून त्या तळ्यावर फिरत असतात. सगळीकडे एकाच सुमारास मोजले नाही तर तोच थवा दोनदा मोजला जातो किंवा निसटतो. शिवाय वसंतात ते उत्तरेला निघून जातात.

दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. टाळेबंदीत आम्ही गच्चीतून, गॅलरीतून नोंदी केल्या. दयाळ, तांबट, शिंपी, बुलबुल यांच्या याद्या मन लावून केल्या आणि त्या मोलाच्या आहेत. पण त्या वर्षीच्या याद्या आधीच्या वर्षांशेजारी जशाच्या तशा मांडल्या, तर शहरी पक्षी वाढले आणि पाणपक्षी घटले असे दिसेल. वास्तविक जागा बदलली ती मोजणाऱ्याची. रहदारी थांबल्याने लांबची शीळही ऐकू येत होती. ठाणे खाडीतले रोहित (फ्लेमिंगो) दरवर्षी येतात. त्या वर्षी ते ‘परतले’ अशा बातम्या झाल्या. अशा समजुतीवर पाणथळींचे निर्णय होऊ नयेत. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’चा २०२३ चा अहवाल सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे आणि त्यात साथीची वर्षेही आहेत. नोंद कुठून, किती वेळ, किती अंतर चालून केली, हे सोबत नसेल तर आकडा दिशाभूल करतो.

म्हणून एका परिपत्रकाची विनंती आहे. निर्बंधांच्या काळात आपल्याच तालुक्यातल्या ठरलेल्या पाणथळीवर एकट्याने किंवा एकाच घरातल्या दोघांनी गणना करण्यास मुभा असावी. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने सही केलेले ओळखपत्र पोलीस ठाण्यालाही मान्य असावे. जिथे जाता आले नाही, तिथे ‘गणना झाली नाही’ असे लिहावे. शून्य लिहू नये. जानेवारी २०२१ मध्ये करोनाच्या जोडीला परभणीत बर्ड फ्लू आढळला. मेलेला पक्षी अनेकदा प्रथम आम्हालाच दिसतो, तेव्हा त्याला हात न लावता कुणाला फोन करायचा, तेही त्यात असावे.

ब्रिटनमध्ये मार्च २०२० मध्ये स्वयंसेवी सर्वेक्षणे थांबवली गेली. पण निर्बंध सैल होताच कोणत्या अटींवर बाहेर पडायचे, हे तिथल्या पक्षी संस्थेने स्वयंसेवकांना लेखी कळवले. आपल्याकडेही हे अवघड नाही.

२०२० मध्येच शासनाने मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह सुरू केला. येत्या सप्ताहात हे परिपत्रक काढावे, म्हणजे जानेवारीच्या गणनेआधी ते प्रत्येक वनपरिक्षेत्रात पोचेल.

आपला,
एक स्वयंसेवी पक्षीगणक