मृत्यूचा दाखला ही मेहेरबानी नव्हे

घरातला कर्ता माणूस गेला की विम्याची रक्कम, बँकेतील ठेव, विधवेचे निवृत्तिवेतन, उताऱ्यावरील वारस नोंद, सगळीकडे पहिला प्रश्न एकच: मृत्यूचा दाखला आणलात का? आणि त्या एका कागदासाठी आमच्या सीमाभागातील कुटुंबांना हेलपाटे घालावे लागतात.

बेळगाव, खानापूर, निपाणीचा रुग्ण उपचारासाठी मिरज, कोल्हापूर किंवा गोव्यात बांबोळीला नेला जातो. दुर्दैवाने तिथेच मृत्यू झाला तर नोंद तिथल्याच निबंधकाकडे होते. अंत्यसंस्कार गावी झाले तरी गावची कचेरी दाखला देऊ शकत नाही. हे वेळेवर कोणी सांगत नाही. रुग्णालयातील मृत्यूची माहिती कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची आहे, घरी मृत्यू झाल्यास कुटुंबप्रमुखाची.

माहिती द्यायची मुदत 21 दिवसांची. दिवसकार्य आटोपेपर्यंत 13 दिवस जातात; हाती उरतात 8. तीस दिवस उलटले की विलंब शुल्काबरोबर वरिष्ठांची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटले की जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांचा आदेश. म्हणजे दुःखातील दिरंगाईची शिक्षा लगेच. कचेरीच्या दिरंगाईचे काय?

त्याचेही उत्तर कायद्यात आहे. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली, ती 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू आहे. नोंद झाल्यावर 7 दिवसांच्या आत माहिती देणाऱ्याला दाखला विनामूल्य मिळालाच पाहिजे. निबंधकाच्या निर्णयाविरुद्ध 30 दिवसांत जिल्हा निबंधकांकडे अपीलही करता येते. ‘साहेब रजेवर आहेत’ हे उत्तर आम्ही का ऐकून घ्यावे?

दाखल्यावर नाव चुकले तर पुढचे सारे अडते. आपली नावे कन्नड आणि इंग्रजीत लिहिताना अक्षर हमखास बदलते. म्हणून अर्जासोबत आधार कार्डाची प्रत जोडावी, दाखला हातात पडताच तिथेच वाचून पाहावा आणि चूक दिसल्यास दुरुस्तीचा लेखी अर्ज द्यावा.

आमची मागणी साधी आहे: 7 दिवसांचा नियम प्रत्येक नोंदणी कचेरीत मराठीतही ठळक लावावा. आणि आपल्या गल्लीतील मंडळांना विनंती अशी की, तिरडीच्या तयारीला जसे चार जण धावतात, तसा एक जण नोंदीच्या कागदासाठीही धावावा. मागे राहिलेल्या माउलीला तोही मोठा आधार आहे.