विरघळणारा आधार

बँकेतले जुने सहकारी भेटले, की पहिल्या चहाबरोबर डीए निघतो आणि दुसऱ्या चहाबरोबर गुडघे. त्या गप्पांत मीही हिरिरीने भाग घेतो. बोलत नाही ते माझ्या मुलीच्या गुडघ्याबद्दल. शाळेत खो-खो खेळताना ती पडली. महिनाभर सूज होती. ‘या वयात सगळं आपोआप भरून येतं’ म्हणत आम्ही हळदीचा लेप लावला. खेळ मात्र सुटला. आज अडतिसाव्या वर्षी तिला जिना उतरताना कठडा लागतो.

मोडलेले हाड सांधते. हाडाच्या टोकावरची कूर्चा, जिला आपण गादी म्हणतो, तिचे तसे नाही. तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात. दुरुस्तीचे सामान पोचणार कुठून? विल्यम हंटर यांनी लंडनमध्ये १७४३ सालीच हे नोंदवून ठेवले होते.

यावर आता एक उपाय निघाला आहे. प्रवाळाचा सांगाडा ज्या चुन्याचा असतो, त्याची छोटी सच्छिद्र खुंटी दुखावलेल्या जागी हाडापर्यंत बसवतात. खालच्या हाडातले रक्त आणि पेशी तिच्यात शिरतात. खाली हाड, वर कूर्चेसारखा थर धरू लागतो आणि खुंटी हळूहळू विरघळते. स्लॅब पक्का झाला की सेंटरिंग काढतात, तसेच. फक्त इथे काढायला कोणी यावे लागत नाही. इस्रायलमध्ये घडलेल्या अशा खुंटीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२२ मध्ये मान्यता दिली. २५१ रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांनंतर तिचा गुण नेहमीच्या शस्त्रक्रियांपेक्षा सरस ठरला.

पण आम्हा पेन्शनरांनी हुरळून जाऊ नये. ही मान्यता एक ते सात चौरस सेंटिमीटरच्या इजेसाठी आहे. सांधा पुरता झिजला असेल तर नाही. शस्त्रक्रियेनंतर कुबड्या आणि महिनोन्महिने व्यायाम चुकत नाही, तो वेगळाच.

म्हणून मला वाटते, या शोधाचा खरा उपयोग दुखणे वेळेवर ऐकणाऱ्या घरांना होईल. कूर्चा साध्या एक्स-रेत दिसत नाही. ‘हाड शाबूत आहे’ एवढे ऐकून आपण निर्धास्त होतो आणि मुलांना, त्यातही मुलींना, सोसायला शिकवतो. अशा घरात उत्तमातला उत्तम इम्प्लांटही उशिराच पोचणार.

गेल्या आठवड्यात मुलीला घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. एमआरआय काढायचा आहे. हे काम पंचवीस वर्षांपूर्वीचे होते.